क्षताची वार्ता : वनस्पतिविज्ञानातील एका संशोधनपरंपरेचा आणि तिच्या परिभाषेचा इतिहास

१

टोमॅटोच्या रोपाचे एक पान किडीने कुरतडले, म्हणजे काही तासांच्या आत त्याच रोपाच्या इतर पानांतही विशिष्ट प्रथिने साठू लागतात. त्या पानांना किडीचा स्पर्शही झालेला नसतो. ही प्रथिने किडीच्या आतड्यातील प्रथिनपाचक एंझाइमांना निष्प्रभ करतात, आणि पुढचे पान तिला पचेनासे होते. एका पानाच्या क्षताची वार्ता दुसऱ्या पानापर्यंत कशी पोचते, आणि ती पोचल्यावर तेथील पेशींतील जनुके कार्यान्वित कशी होतात, या प्रश्नाला आज शतकाहून अधिक काळाच्या संशोधनाची परंपरा आहे.

प्रस्तुत लेखक वनस्पतिशास्त्राचा नव्हे, भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे. तेव्हा या परंपरेतील प्रयोगांइतकेच त्या प्रयोगांच्या वर्णनासाठी योजलेल्या शब्दांकडे त्याचे लक्ष जावे, हे स्वाभाविक होय. प्रतिसाद, संप्रेरक, दूत, संदेश, ग्राही हे सर्व शब्द मनुष्यव्यवहारातून उचललेले आहेत. उसना शब्द आपल्याबरोबर काही गृहीते घेऊन येतो. 'वार्ता' म्हटले की ती कोणी तरी पाठविली असेल, ती नेणारा कोणी एक असेल आणि ती ऐकणारा कोणी असेल, अशी अपेक्षा आपोआप निर्माण होते. या अपेक्षेने संशोधनाला वेळोवेळी दिशा दिली, आणि काही वेळा त्याची वाट अडविलीही. हे कसे घडले ते कालक्रमाने पाहावे, एवढाच या निबंधाचा हेतू आहे.

२

या इतिहासातील पहिला मोठा वाद एका शब्दावरूनच झाला. जॉन बर्डन-सँडरसन या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञाने चार्ल्स डार्विन यांच्या सूचनेवरून १८७३ साली डायोनिया या कीटकभक्षक वनस्पतीच्या पानातील विद्युत्स्पंद मोजला होता. पान मिटण्यापूर्वी त्यात प्राण्याच्या स्नायूसारखाच विद्युद्विकार उत्पन्न होतो, असे त्यातून दिसले. परंतु ही गोष्ट हालचाल करणाऱ्या मोजक्या वनस्पतींपुरतीच मर्यादित आहे, असे त्यांचे मत होते.

जगदीशचंद्र बोस यांनी १९०१ च्या जून महिन्यात लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपले प्रयोग मांडले. कोणत्याही सामान्य वनस्पतीला टोचले, चिमटले किंवा पिळले तरी तिच्यात विद्युत्प्रतिसाद उत्पन्न होतो, असा त्यांचा दावा होता. पॅट्रिक गेडीज यांनी १९२० साली प्रसिद्ध केलेल्या बोसचरित्रात या सभेची हकीकत आली आहे. (हे गेडीज १९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते.) त्या हकीकतीनुसार बर्डन-सँडरसन यांनी निबंधाच्या शीर्षकातील 'प्रतिसाद' हा शब्द काढून त्याजागी 'प्रतिक्रिया' असा शब्द घालावा, अशी सूचना केली. प्रतिसाद हा शरीरक्रियाशास्त्राचा शब्द असून तो प्राण्यांसाठी राखलेला आहे, हा तिच्यामागील विचार. बोस यांनी ती मानली नाही. निबंध सोसायटीने त्या वेळी प्रसिद्ध केला नाही. पुढे १९०२ साली लिनियन सोसायटीच्या नियतकालिकातून हे संशोधन वाचकांपुढे आले.

वरवर पाहता हा शब्दच्छल वाटेल. वस्तुतः दोन्ही पक्षांना त्या शब्दाची किंमत नेमकी कळली होती. आम्ल आणि धातू यांच्यात घडते ती प्रतिक्रिया. तीत कोणी काही जाणण्याचा प्रश्न येत नाही. प्रतिसाद म्हटले की साद आली, आणि सादेच्या मागोमाग ती ऐकणारी यंत्रणाही आली. वनस्पतीत अशी यंत्रणा आहे की नाही हाच तर मूळ प्रश्न होता, आणि शीर्षकातील एका शब्दाने त्याचे उत्तर आधीच दिले जात होते. बोस हे शब्दांविषयी किती जागरूक होते याची साक्ष त्यांच्या उपकरणांच्या नावांतही मिळते. १९०६ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी 'कुंचनग्राफ', 'शोषणग्राफ' अशी संस्कृत पूर्वपदांची नावे योजली होती. जगात गाजले ते मात्र लॅटिन पूर्वपदाचे 'क्रेस्कोग्राफ' हे नाव. बोस यांनी आयुष्यभर वनस्पतींतील विद्युद्वहनाचा पक्ष मांडला आणि १९२६ च्या ग्रंथात त्याला सरळ मज्जायंत्रणा असे म्हटले.

३

याच सुमारास दुसऱ्या एका शब्दाने या क्षेत्रात प्रवेश केला. अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ साली 'हॉर्मोन' ही संज्ञा रूढ केली. चेतविणे, चालना देणे अशा अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून ती बनविली आहे. मराठीतील 'संप्रेरक' या प्रतिशब्दातही ईर् धातूचा तोच प्रेरणार्थ उतरला आहे. शरीराच्या एका भागात तयार होऊन दुसऱ्या भागात परिणाम घडविणारा पदार्थ, असा तिचा अर्थ.

ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ गॉटलीब हाबरलांट यांनी १९१३ पासून बटाट्याच्या कंदावर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. कापलेल्या पृष्ठभागालगतच्या पेशी विभागू लागतात आणि जखम भरून येते, ही गोष्ट ज्ञात होती. हाबरलांट यांना असे आढळले की, कापलेला पृष्ठभाग पाण्याने स्वच्छ धुतला तर पेशींचे विभाजन मंदावते, आणि चेचलेल्या ऊतकाचा रस त्यावर लावला तर ते पुन्हा वेग घेते. फुटलेल्या पेशींतून काही तरी द्रव्य झिरपत असले पाहिजे, असे अनुमान त्यांनी काढले, आणि जर्मन भाषेच्या समासशक्तीचा लाभ घेऊन त्याला 'क्षतसंप्रेरक' अशा अर्थाचे नाव दिले. पदार्थ हाती लागण्यापूर्वीच त्याचे नाव तयार झाले होते.

१९१६ साली उबाल्दो रिक्का या इटालियन संशोधकाने लाजाळूवर एक साधा पण परिणामकारक प्रयोग केला. त्याने खोड मधोमध कापून दोन्ही तुकडे पाण्याने भरलेल्या नळीने जोडले. मध्ये सजीव ऊतक मुळीच नसतानाही खालच्या भागाच्या जखमेचा परिणाम वरच्या पानांवर झाला आणि ती मिटली. पाण्यातून वाहत जाणारे द्रव्यच ही वार्ता नेते, असा यावरून निष्कर्ष निघाला. त्या अज्ञात द्रव्याला पुढे 'रिक्काचा घटक' असे म्हणू लागले.

येथून दोन पक्ष स्पष्ट पडले. एकाचा दूत विद्युत्, दुसऱ्याचा दूत रसायन. दूत एकच आहे आणि तो कोण एवढेच ठरवावयाचे आहे, याविषयी मात्र उभय पक्षांत मतभेद नव्हता. १९३९ साली जेम्स इंग्लिश, जेम्स बॉनर आणि त्यांचे सहकारी यांनी कॅलिफोर्नियात घेवड्याच्या शेंगांतून एक अम्ल वेगळे केले. जखम या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला 'ट्रॉमॅटिक अम्ल' असे नाव मिळाले. हाबरलांट यांचे क्षतसंप्रेरक सापडले असे काही काळ वाटले. तथापि घेवड्याबाहेर त्याचा प्रभाव फारसा दिसला नाही, आणि नाव व्यापक परंतु पदार्थ मर्यादित अशी त्याची अवस्था झाली.

४

जनुकांच्या पातळीवरील अभ्यासाचा पाया १९७२ साली घातला गेला. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातील क्लॅरन्स रायन आणि त्यांचे सहकारी टी. आर. ग्रीन यांनी दाखविले की, कोलोराडो भुंग्याने बटाट्याचे किंवा टोमॅटोचे एक पान खाल्ले असता जमिनीवरील सर्व भागांत प्रथिनपाचन रोखणारी प्रथिने झपाट्याने साठतात. निबंधारंभी उल्लेखिलेली घटना ती हीच. तिचे महत्त्व असे की, त्यामुळे संशोधकांना मोजता येण्याजोगा परिणाम मिळाला. लाजाळूचे पान मिटते ते क्षणभर. येथे मात्र विशिष्ट जनुकापासून बनलेले विशिष्ट प्रथिन पानात शिल्लक राहते, आणि त्याचे प्रमाण ठरविता येते.

वार्ता नेणारा पदार्थ शोधण्यास रायन यांच्या प्रयोगशाळेला जवळजवळ दोन दशके लागली. १९९१ साली तो सापडला. अठरा ॲमिनो अम्लांची ही एक लहानशी साखळी. रोपाच्या सर्व देहात परिणाम घडविते म्हणून तिचे नाव 'सिस्टेमिन'. एका रोपाला काही फेम्टोमोल, म्हणजे मोलच्या एक हजार-अब्जांश भागाच्याही सहस्रांशाच्या पातळीवरील मात्रा पुरे होत असे. ताज्या जखमेवर ती ठेवली तर दूरच्या पानांपर्यंत वाहून जाते, हेही दिसले. प्रथिनस्वरूपाचे संप्रेरक प्राण्यांत परिचित होते. वनस्पतींत असे काही असेल ही कल्पनाच तोवर रुजलेली नव्हती. १९९२ साली तिचे जनुक सापडले. दोनशे ॲमिनो अम्लांचे एक मोठे प्रथिन आधी बनते आणि त्याच्या शेवटच्या भागातून सिस्टेमिन तोडले जाते, असे त्यावरून कळले. हे जनुक दडपले असता जखमेची वार्ता दूरच्या पानांपर्यंत नीट पोचेना. दूत सापडला, असे म्हणण्यास आता पुरेसे कारण होते.

दरम्यान आणखी एक द्रव्य पुढे आले होते. चमेलीच्या तेलातील सुगंधी द्रव्य म्हणून मेथिल जास्मोनेट १९६२ साली ओळखले गेले होते. त्याचा जखमेशी संबंध असेल अशी कोणास शंकाही नव्हती. १९९० साली एडवर्ड फार्मर आणि रायन यांनी दाखविले की, या द्रव्याची वाफ टोमॅटोच्या रोपांभोवती सोडली तर जखम नसतानाही पानांत तीच संरक्षक प्रथिने तयार होतात. एवढेच नव्हे, तर ज्या रानटी झुडपाच्या पानांत हे द्रव्य असते त्याच्या फांद्या टोमॅटोबरोबर बंद पात्रात ठेवल्या तरीही तो परिणाम होतो. पटलातील लिनोलेनिक अम्लापासून पेशी जास्मोनिक अम्ल बनविते आणि सिस्टेमिन त्या क्रियेला चालना देते, अशी साखळी त्यानंतर मांडली गेली.

हा काळ शब्दांच्या दृष्टीनेही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. १९८३ साली इयन बाल्डविन आणि जॅक शुल्ट्झ यांनी असा निष्कर्ष मांडला होता की, जखमी रोपांजवळची अक्षत रोपेही आपल्या पानांतील रसायने बदलतात. वृत्तपत्रांनी त्यावरून 'बोलणारी झाडे' अशी हाकाटी केली. या बिरुदाने विषयाला प्रसिद्धी दिली खरी, पण शास्त्रज्ञांच्या मनातील संशयही वाढविला. प्रयोगावर घ्यावयाचे आक्षेप आणि बिरुदावर घ्यावयाचे आक्षेप यांची सरमिसळ झाली.

५

१९९२ सालीच विद्युत्पक्षही पुन्हा उभा राहिला. डी. सी. वाइल्डन आणि त्यांचे सहकारी यांनी टोमॅटोच्या रोपाचा देठ थंड करून रसवाहिन्यांतील प्रवाह रोखला आणि मग पानाला जखम केली. रसायनाची वाट बंद असूनही विद्युत्स्पंद पुढे गेला, आणि दूरच्या पानात संरक्षक प्रथिनांची जनुके कार्यान्वित झाली. बोस यांच्या पक्षाला जनुकीय पुरावा मिळाला तो असा.

वादाला वेगळे वळण दिले ते २००२ सालच्या कलमांच्या प्रयोगाने. मिशिगनमधील ग्रेग हाउ यांच्या गटाजवळ टोमॅटोची दोन प्रकारची उत्परिवर्ती रोपे होती. एकाला जास्मोनेट बनविता येत नव्हते. दुसऱ्याला ते बनविता येई, पण जाणता येत नव्हते. अशा रोपांची आणि सामान्य रोपांची एकमेकांवर कलमे बांधून खुंटाच्या पानांना जखम केली, आणि वरच्या काडीच्या पानांत काय घडते ते पाहिले. खुंट जास्मोनेट बनवू शकत नसेल तर वर काहीही पोचले नाही. खुंट बनवितो पण जाणत नाही अशा स्थितीत वार्ता पोचली. वरच्या काडीला जास्मोनेट बनविता येत नसले तरी चालले. मात्र ते जाणता येणे आवश्यक ठरले.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला या प्रयोगात विशेष रस वाटावा. बोलणे आणि ऐकणे या दोन क्षमता वेगळ्या आहेत, आणि एकीचा लोप झाला तरी दुसरी टिकू शकते, हे वाचाविकारांच्या अभ्यासावरून आपल्याला ठाऊक आहे. येथे 'वार्ता' या एका शब्दाखाली झाकलेल्या दोन क्रिया, उत्पादन आणि ग्रहण, प्रत्यक्ष सुरीने अलग करून दाखविल्या गेल्या. या प्रयोगाने सिस्टेमिनचे स्थानही बदलले. ते जखमेच्या जागी जास्मोनेटची निर्मिती वाढविते आणि दूरचा प्रवास जास्मोनेटशी निगडित आहे, असे चित्र पुढे आले.

६

आता ग्रहणाच्या बाजूकडे वळू. जास्मोनेट पेशीत आले म्हणजे जनुके कशी जागी होतात? याचे उत्तर प्रामुख्याने मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस या लहान रोपावरून मिळाले. जास्मोनेटसदृश विषाला न जुमानणारी उत्परिवर्ती रोपे १९९४ साली मिळाली, आणि त्यांत बिघडलेले 'सीओआय-१' हे जनुक १९९८ साली हाती आले. त्याचे प्रथिन इतर प्रथिनांवर नाशाची खूण लावणाऱ्या यंत्रणेचा भाग आहे, असे त्याच्या रचनेवरून दिसत होते. परंतु नाश कोणाचा करावयाचा, ते कळत नव्हते. २००७ साली स्वतंत्रपणे काम करणाऱ्या गटांनी त्याचे उत्तर दिले. 'जॅझ' या कुलनामाने ओळखली जाणारी काही प्रथिने ती हीच होत.

त्यांचे कार्य असे. 'एमवायसी-२' हे प्रथिन संरक्षक जनुकांचे वाचन सुरू करू शकते. जॅझ प्रथिने त्याला धरून ठेवतात आणि वाचन होऊ देत नाहीत. जखम झाली म्हणजे जास्मोनिक अम्ल आयसोल्युसीन या ॲमिनो अम्लाशी जोडले जाते. हे जोडद्रव्य सीओआय-१ आणि जॅझ यांच्यामध्ये बसून त्यांना जखडते. मग जॅझवर नाशाची खूण लागते, ती प्रथिने पेशीच्या कचरायंत्रात मोडली जातात, आणि एमवायसी-२ मोकळे होते. वाचल्या जाणाऱ्या जनुकांत खुद्द जॅझचीही जनुके असतात. त्यामुळे थोड्या वेळाने निषेध पुन्हा प्रस्थापित होतो, आणि रोप आपली सारी शक्ती संरक्षणातच खर्च करीत बसत नाही.

आज्ञा आली आणि काम सुरू झाले, असे चित्र 'संदेश' या शब्दावरून डोळ्यांसमोर उभे राहते. प्रत्यक्ष यंत्रणेत कामाची तयारी आधीपासूनच आहे, त्यावर एक बंदी आहे, आणि जखम ती बंदी उठविते. आपल्या व्याकरण-मीमांसा परंपरेत याला नेमका शब्द आहे: प्रतिप्रसव. सामान्य विधीला एका निषेधाने रोखले असता त्या निषेधाचाच निषेध करून मूळ विधी पुन्हा चालू करणे, ते प्रतिप्रसव. जनुकाच्या पातळीवरील क्षतप्रतिसादाचे याहून चपखल वर्णन या लेखकाला सुचत नाही.

७

गेल्या दशकातील संशोधनाने दूताचा प्रश्न पुन्हा उघडला. २०१३ साली फार्मर यांच्या स्वित्झर्लंडमधील गटाने अरॅबिडॉप्सिसच्या पानांवर विद्युदग्रे ठेवून दाखविले की, विद्युत्स्पंद ज्या पानांपर्यंत जातो तेथे जास्मोनेटाधीन जनुके जागी होतात. जखम न करता नुसता विद्युत्प्रवाह सोडला तरीही ती जागी होतात. ग्लुटामेट-ग्राहीसदृश प्रथिनांची दोन जनुके एकदम निकामी केली तर दूरचा स्पंद क्षीण होतो. ग्लुटामेट हे प्राण्यांच्या मज्जासंस्थेत वार्ता नेणारे द्रव्य आहे, हे येथे आठवावे. २०१८ साली मासात्सुगु टोयोटा, सायमन गिलरॉय आणि त्यांचे सहकारी यांनी कॅल्शियमची उसळी दाखविणारी चकाकती प्रथिने वापरून हा प्रवास डोळ्यांना दिसेल असा केला. जखमेतून ग्लुटामेट बाहेर पडते, आणि सेकंदाला सुमारे १ मिलिमीटर वेगाने कॅल्शियमची लाट पानापानांत पसरते.

२०२३ साली फार्मर यांच्याच गटाने रिक्काच्या घटकाचा शोध पुन्हा हाती घेतला. अरॅबिडॉप्सिसमध्ये त्यांना जो घटक सापडला तो एक एंझाइम निघाला. मोहरी वाटली असता तिला झणझणीतपणा येतो तो याच जातीच्या एंझाइमामुळे. जलवाहिन्यांतून तो पुढे जातो आणि वाटेतील पेशींत विद्युद्विकार उत्पन्न करतो. म्हणजे बोस आणि रिक्का यांचे पक्ष परस्परविरोधी नव्हतेच. रसायन वाहते आणि वाहताना विद्युत् जागविते.

सिस्टेमिनची कथाही येथेच पुरी केली पाहिजे. त्याचा ग्राही सापडल्याचे २००२ साली जाहीर झाले होते, परंतु तो दुसऱ्याच एका संप्रेरकाचा ग्राही असल्याचे पुढील काही वर्षांत सिद्ध झाले. खरा ग्राही २०१८ साली मिळाला. त्याच्या अभावी रोप किडीला अधिक सहज बळी पडते. तरीपण जखमेचा मूळ प्रतिसाद बंद पडत नाही. १९९१ साली ज्याला दूत म्हटले गेले, ते द्रव्य वार्तेचा आवाज मोठा करणारे ठरले.

८

या इतिहासातून परिभाषेचा एक प्रश्न उभा राहतो, आणि मराठीत विज्ञान शिकविणाऱ्यांना तो टाळता येणार नाही. इंग्रजीतील एकाच शब्दासाठी आपण 'संकेत' आणि 'संदेश' हे दोन शब्द आलटून पालटून वापरतो. न्याय आणि व्याकरण या शास्त्रांत संकेत म्हणजे अमुक शब्दाचा अमुक अर्थ असा ठराव. ठरावाला पक्ष लागतात. फुटलेल्या पेशीतून झिरपणाऱ्या ग्लुटामेटामागे असा कोणताच ठराव नाही. धूर दिसला की अग्नीचे अनुमान होते. अग्नी काही धूर पाठवीत नाही. नैयायिक ज्याला लिंग किंवा आपण साध्या भाषेत लक्षण म्हणतो, त्या जातीचे हे द्रव्य आहे. जास्मोनेटाची गोष्ट निराळी. ते जखमेनंतर मुद्दाम बनविले जाते, त्याच्यासाठी वेगळा ग्राही आहे, आणि बनविणे व जाणणे या क्रिया कलमाने अलग करता येतात. त्याला 'संदेश' म्हणण्यास आधार आहे.

रूढ संज्ञा बदलाव्यात, असा या लेखकाचा आग्रह नाही. रूढीने स्थिर झालेला शब्द हलविला की गोंधळच वाढतो. तथापि जे द्रव्य नुसते सांडते ते 'लक्षण' आणि जे ग्रहणासाठी बनते ते 'संदेश', एवढा विवेक अध्यापनात राखण्यास अडचण नसावी. बर्डन-सँडरसन यांची १९०१ सालची हरकत आज टिकणारी नाही; वनस्पतीत ग्रहणाची यंत्रणा आहे हे सीओआय-१ ने सिद्ध केले आहे, आणि 'प्रतिसाद' हा बोस यांचा शब्द त्यामुळे सार्थ ठरला आहे. परंतु शब्द वापरण्यापूर्वी त्याने काय गृहीत धरले आहे ते विचारावे, ही त्या हरकतीमागची शिस्त मात्र घेण्याजोगी होती. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या विषयावरील कोणताही नवा निबंध वाचताना तीच कसोटी लावावी: येथे दूत म्हटले आहे, तर पाठविणे, नेणे आणि जाणणे यांपैकी नेमके काय प्रयोगाने दाखविले आहे?